'भार' की 'संहती'? : खाडीच्या प्रतिमानात सीमेवर काय भरायचे

विचारणा
उल्हास नदीच्या मुखाचे, म्हणजे वसईच्या खाडीचे, पाण्याच्या गुणवत्तेचे संगणकीय प्रतिमान आम्ही चालवतो आणि त्याचा अहवाल मराठीत लिहितो. 'बाउंड्री इनपुट'साठी, म्हणजे प्रतिमानाच्या कडेवरून आत येणाऱ्या पाण्याविषयीच्या आकड्यांसाठी, मी सरसकट 'सीमेवरील भार' असे लिहिले, त्यावर वरिष्ठ बाईंनी लाल खूण केली आहे. शिवाय समुद्राकडच्या कप्प्यांत (प्रतिमानात खाडीचे जे भाग पाडतात त्यांत) विरघळलेला प्राणवायू लिटरला 8 मिलिग्रॅमच्या खाली उतरतच नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद
बाईंची खूण रास्त आहे. भार म्हणजे ठरावीक वेळात येणारे वस्तुमान, किलोग्रॅम प्रतिदिन. नाल्याला किंवा सांडपाणी केंद्राला हा शब्द शोभतो. समुद्राकडच्या सीमेवर मात्र आपण संहती देतो, म्हणजे एका लिटर पाण्यात पदार्थ किती आहे ते, मिलिग्रॅम प्रतिलिटर, आणि तिच्यातून भार किती आत येईल हे भरतीचा प्रवाह ठरवतो. 'वॉस्प'सारख्या पाण्याच्या गुणवत्तेच्या संगणकप्रणालीत या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तक्त्यांत भरायच्या असतात. नदीचे प्रदूषण सीमेवर संहती म्हणून दिले आणि तेच पुन्हा भार म्हणूनही लिहिले, तर ते दोनदा मोजले जाते. पडताळा सोपा आहे: सेकंदाला 1 घनमीटर प्रवाह आणि लिटरला 1 मिलिग्रॅम संहती असेल, तर दिवसाला 86.4 किलोग्रॅम भार होतो.

प्राणवायूच्या 8 या आकड्याबद्दल माझी शंका अशी की, तो गोड्या पाण्याच्या तक्त्यातून उचललेला असावा. 28 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याची संपृक्तता (हवेतून पाण्यात मावू शकणारा कमाल प्राणवायू) साधारण 7.8 असते, तर समुद्राच्या पूर्ण खाऱ्या पाण्याची सुमारे 6.4. सीमेवर 8 लिहिल्यास प्रत्येक भरती मुखाजवळच्या कप्प्यांना तोच आकडा पुन्हा पाजते.

आणखी एक प्रतिसाद
प्राणवायूकडे वळण्याआधी प्रतिमानातली क्षारता (पाण्यातले मिठाचे प्रमाण) प्रत्यक्ष मोजमापाशी जुळवावी; मीठ कुजत नाही की वाढत नाही, त्यामुळे ते चुकत असेल तर दोष प्रवाहात किंवा सीमेतच असतो. (मराठीत क्षार म्हणजे मीठ, हिंदीत तोच शब्द अल्कधर्मी पदार्थासाठी येतो. हिंदी पुस्तिका हाताशी ठेवून तक्ते भरणाऱ्यांनी एवढे जपावे.) त्यानंतर घड्याळ पाहावे. भरतीचे आकडे ग्रीनिच वेळेत आणि प्रवाहाचे भारतीय वेळेत असले, तर साडेपाच तासांचा फरक पडतो. भरतीचे चक्र सुमारे 12 तास 25 मिनिटांचे असल्याने भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटीच येते. असे प्रतिमान विनातक्रार चालते, म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही.

विचारणाकर्ता
आभारी आहे. वेळ तपासली, ती ठीक निघाली. प्राणवायूचा आकडा मात्र गोड्या पाण्याचाच होता. आता 'सीमेवरील संहती' असे लिहीन. नायट्रेटच्या स्तंभाला नुसते 'नायट्रेट' म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद
चालणार नाही. 'नायट्रेट, नायट्रोजनच्या रूपात' असे पूर्ण लिहावे, कारण नायट्रेट म्हणून मोजलेला आकडा नायट्रोजनच्या आकड्याच्या सुमारे 4.43 पट असतो. जैविक प्राणवायू-मागणीलाही (बीओडी, म्हणजे घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो प्राणवायू) हीच शिस्त लावावी. आपल्याकडच्या प्रयोगशाळा ती 27 अंशांवर 3 दिवसांची देतात, तर परदेशी प्रणाली बहुधा 20 अंशांवरची 5 दिवसांची किंवा अंतिम (घाण पूर्ण कुजेपर्यंतची) मागणी गृहीत धरतात. तेव्हा शीर्षकातच दिवस आणि तापमान लिहावे आणि रूपांतर कोणत्या दराने केले, तेही त्याच तक्त्याखाली नोंदवावे.