सामाजिक न्यायाचे उपक्रम: भाषणांपलीकडे काय?

प्रश्न (विद्यार्थिनी, वडोदरा): आमच्या विद्यापीठात सामाजिक न्याय म्हणजे १४ एप्रिलची भाषणे आणि भित्तिपत्रक स्पर्धा, असे समीकरण होऊन बसले आहे. वर्षभर चालेल आणि गरजूंच्या खरोखर उपयोगी पडेल, असे काय हाती घेता येईल?

उत्तर १: अपंग हक्क कायदा, २०१६ नुसार सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात, पण रॅम्प संपल्यावरही दोन पायऱ्या उरत असतील, तर त्या जागेचा उपयोग काय? चाकाची खुर्ची वापरणाऱ्या सहाध्यायांसोबत ग्रंथालयापासून परीक्षागृहापर्यंत फिरा आणि अडथळ्यांची यादी कुलसचिवांना लेखी द्या. पोच घ्यायला मात्र विसरू नका.

उत्तर २: सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपण अभिमानाने सांगतो; पण १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीसाठी परतल्यावर याच शहरात जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना, हे सांगताना आवाज जरा खाली येतो. म्हणून खोली शोधणाऱ्या बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसोबत कोणीतरी जावे आणि जात विचारून नकार मिळाल्यास त्याची नोंद ठेवावी.

उत्तर ३: दोन्ही सूचना पटल्या. त्यांच्या जोडीला शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणारे मदत-टेबल ठेवा, कारण आधारशी न जोडलेल्या बँक खात्यामुळेही पैसे अडकतात.