डिझेल व्हॅनच्या इंजिनात पाणी शिरलं तर: तुमचे अनुभव लिहा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा पात्राबाहेर आल्या आणि गावोगावचे फरशी पूल पाण्याखाली गेले. पुढचा पावसाळा येण्याआधी शाळेच्या व्हॅन, ट्रॅव्हलर, क्रूझर, विंगर चालवणाऱ्यांच्या आणि दुरुस्त करणाऱ्यांच्या हातातली माहिती एका जागी यावी, म्हणून हा धागा. किस्से नकोत. काय बिघडतं, का बिघडतं, काय उघडायचं, किती काढायचं, ते लिहा. पाणी हवेच्या वाटेने येतं किंवा डिझेलच्या. कोणत्या वाटेबद्दल लिहिताय ते आधी सांगा, कारण दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत.

डिझेल मेकॅनिक, गेवराई

हवेच्या वाटेचं आधी सांगतो, कारण तिथे दहा मिनिटांत निकाल लागतो. पेट्रोल गाडीच्या प्लगवर पाणी उडालं की ती बंद पडते आणि त्यामुळेच पुष्कळदा वाचते. डिझेलला ठिणगी लागत नाही. हवा ओढायचं तोंड पाण्यात बुडेपर्यंत ती चालत राहते आणि मग हवेऐवजी पाणी ओढते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरला ६२५ सीसी आले. कॉम्प्रेशन १७ ला १ असेल (म्हणजे हवा सतराव्या हिश्श्यात दाबली जात असेल) तर पिस्टन वर पोचल्यावर त्याच्या डोक्यावर उरते फक्त ३९ मिली जागा. कटिंग चहाच्या ग्लासातही याहून जास्त मावतं. तेवढं पाणी आत गेलं की पिस्टन अडतो, फ्लायव्हील मात्र फिरायच्या जोरात असतं, आणि दोघांच्या मधे सापडतो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा.

म्हणून पाण्यात गाडी बंद पडली की चावी काढा. सेल्फ मारू नका. ढकलून गिअरमध्ये टाकून चालू करणं तर त्याहून वाईट, कारण तिथे सगळ्या गाडीचं वजन त्या रॉडवर येतं. "एकदा मारून तर बघू" म्हणून मारलेल्या त्या एका सेल्फमुळे फिल्टर-ऑइलवर भागणारं काम हाफ इंजिनवर, म्हणजे इंजिन उघडून करायच्या मोठ्या कामावर जातं.

गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून कोरड्यात आणा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एअर फिल्टरचा डबा उघडा. फिल्टर कोरडा असला तरी डब्याच्या पुढच्या पाइपात बोट फिरवून बघा. बोटाला गाळ लागला तर पाणी पुढे गेलंय असंच धरा. टर्बोची गाडी असेल तर इंटरकूलरची (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीची) खालची नळी सोडा. तिथे साचलेलं पाणी राहून गेलं तर नंतर चालू गाडीत ते एकदम ओढलं जातं, आणि सगळी मेहनत वाया.

मग चारही ग्लो प्लग (थंड इंजिन चालू होताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढा, इंजेक्टरचे (डिझेल फवारणाऱ्या नळ्यांचे) वायरचे कपलर सोडा. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या फिरायच्या दिशेने हाताने फिरवा, दोन पूर्ण फेरे, सावकाश. ग्लो प्लगच्या भोकातून आधी गुळगुळ ऐकू येईल, मग गढूळ पाण्याची चिळकांडी, मग नुसती फुस्स. पाना मधेच अडला तर जोर करू नका, ते इंजिन उघडावंच लागणार. चारही भोकं कोरडी फुस्स करायला लागली की बॅटरी जोडून पाच-पाच सेकंद सेल्फ मारा. तोंड भोकासमोर नको. शेवटी प्रत्येक भोकात ५ मिली इंजिन ऑइल सोडून हाताने फिरवा. हे त्याच दिवशी व्हायला हवं. ओला बोअर (सिलिंडरची आतली भिंत) एका रात्रीत गंज धरतो, आणि गंजलेल्या बोअरवर पिस्टनच्या रिंगा चिकटतात.

इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचेच. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर एका बदलात भागत नाही. साधं ऑइल भरून दहा मिनिटं आयडलवर चालवा, गरम असतानाच काढा, मग चांगलं ऑइल नव्या फिल्टरसह भरा. आपल्या काळ्या जमिनीचं पाणी लवकर निवळत नाही. त्यातली बारीक माती बेअरिंगमध्ये गेली तर पॉलिश पेपरसारखी घासते.

हेड-बोअरचं काम, छत्रपती संभाजीनगर

वर सगळं बरोबर आहे, फक्त एका ठिकाणी सांभाळून. ग्लो प्लग तुटतात. बारीक आट्याचा प्लग वर्षानुवर्षं हेडमध्ये जळून बसलेला असतो. तुटला की हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवायची वेळ येते. गंज सोडवणारं तेल मारा, थोडा वेळ द्या, पुढे-मागे हलवत काढा. पाना "स्प्रिंगसारखा" लागायला लागला की सोडून द्या आणि इंजेक्टर काढून तिथून पाणी बाहेर काढा. परत बसवताना १० ते १५ न्यूटन-मीटर पुरे, मनगटाचा जोर, खांद्याचा नको.

आता खरं फसवणारं प्रकरण. रॉड वाकला तरी इंजिन चालू होतं. थोडं मिसिंग, थोडा पांढरा धूर, बाकी ठीक. मालक समाधानाने गाडी नेतो. वाकलेला रॉड लांबीला कमी झालेला असतो, म्हणजे त्या सिलिंडरचा पिस्टन पूर्वीइतका वर येत नाही आणि कॉम्प्रेशन घटतं. शिवाय तो तिरका चालतो, बोअरच्या एका बाजूला घासतो. काही शे किंवा काही हजार किलोमीटरनंतर, एखाद्या चढावर लोड असताना, तो मधोमध तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग ब्लॉक, क्रँक, पिस्टन सगळंच गेलं.

त्यामुळे पाणी प्यायलेल्या इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय गाडी सोडू नये. चांगल्या डिझेल इंजिनात साधारण २५ ते ३० बार येतं. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एकच सिलिंडर ३–४ बार खाली असेल तर त्या भोकात ऑइल घालून परत मोजा. ऑइलने आकडा चढला तर रिंगांचा दोष असू शकतो. चढला नाही, आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत, तर रॉडवर संशय घ्या. हेड उतरवलं की ब्लॉकच्या तोंडावर डायल गेज ठेवून चारही पिस्टनची उंची मोजा. चौघं जवळपास सारखे यायला हवेत. एक वेगळा पडला की तोच. आणखी एक खूण डोळ्यांनी दिसते. बोअरच्या वरच्या कडेला कार्बनचा काळा पट्टा असतो. वाकलेल्या रॉडच्या सिलिंडरमध्ये तो इतरांपेक्षा रुंद दिसतो.

वाकलेला रॉड सरळ करून बसवू नका. दिसायला सरळ होतो, धातू मात्र थकलेला असतो.

शाळेची व्हॅन चालवणारे, मुखेड

दादा, एक विचारायचं होतं. पाणी किती खोल असेपर्यंत चालतं, ते गाडीवर कसं ओळखायचं?

डिझेल मेकॅनिक, गेवराई

भाऊ, बॉनेट किंवा सीटखालचं झाकण उघडा आणि एअर फिल्टरकडून येणारा पाइप तोंडापर्यंत बोटाने धरत जा. काही गाड्यांत ते तोंड ग्रिलमागे असतं, काहींत चाकाच्या कमानीत. जमिनीपासून तोंडाची उंची मोजा आणि गाडीच्या बाहेर त्या उंचीवर टेप लावा. आता त्या टेपखाली किमान एक वीत सोडा, कारण चालत्या गाडीपुढे पाणी चढतं आणि समोरून ट्रक आला तर त्याची लाट वेगळी. पहिला गिअर, एकसारखा वेग, मधे क्लच नाही. हे साचलेल्या पाण्याचं झालं. वाहत्या पाण्याला हा हिशोब लागू नाही. दोन फूट वाहतं पाणी व्हॅन उचलून नेऊ शकतं. मुलं बसलेली असताना फरशी पुलावर पाणी दिसलं तर गाडी वळवायची.

पंप-नोझल कॅलिब्रेशन, जालना

डिझेलच्या वाटेचं लिहितो. पाण्याची घनता १, डिझेलची साधारण ०.८२ ते ०.८४५. म्हणून पाणी नेहमी तळाला बसतं, आणि टाकीतली ओढ नळीही तळाजवळच असते. कॉमन रेल इंजिनात (जिथे पंप एका सामायिक नळीत, रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो आणि तिथून ते सगळ्या इंजेक्टरना जातं) दाब १,६०० बार किंवा त्याहून जास्त. पंपाच्या आतल्या भागांमधलं अंतर दोन-चार मायक्रॉन, आणि त्यांना वंगण म्हणून फक्त डिझेलच. तिथे पाणी आलं की धातू धातूवर घासतो. त्याचा बारीक चुरा रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्न लाइनने परत टाकीत जातो. मग फक्त पंप बदलून भागत नाही. रेल, इंजेक्टर, लाइन, टाकी सगळं साफ करावं किंवा बदलावं लागतं, नाहीतर नवा पंप थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जातो. इंजेक्टरच्या नोझलच्या गरम टोकाशी पाण्याची वाफ होते आणि टोक फुटतं, ते वेगळंच. जुन्या इनलाइन पंपाला इंजिन ऑइल मिळतं म्हणून तो थोडं सोसतो. रोटरी पंप पूर्ण डिझेलवरच जगतो, तो सोसत नाही.

डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला की "गावात पोचून बघू" नाही. गाडी थांबवा, इंजिन बंद करा. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू दीड-दोन आटे सैल करा आणि पारदर्शक बाटलीत १०० मिलीच्या आसपास काढा. बाटली उजेडात धरा. तळाला पाण्याचा थर वेगळा दिसतो, हलवली की गोल थेंब फिरतात आणि परत तळाला जातात. निव्वळ डिझेल येईपर्यंत काढा, स्क्रू बंद करा, प्रायमर (फिल्टरजवळचा हातपंप) हाताला कडक लागेपर्यंत दाबा, नाहीतर गाडी एअर धरेल, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकेल. दिवा दोन दिवसांत परत लागला तर पाणी टाकीत आहे. टाकी उतरवून धुवा. दिवा नसला तरी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ड्रेन करा.

पाणी "विरघळवणारी" बाटली मिळते, ती घालू नका. तिने पाण्याचे इतके बारीक थेंब होतात की फिल्टर ते अडवू शकत नाही, आणि ते थेट नोझलपर्यंत जातं. पाणी बाहेर काढणं हाच उपाय.

डिझेल पंपावर काम, सेलू

ग्राहकाने मागितलं तर पंपाच्या जमिनीखालच्या टाकीच्या डिपरॉडला (खोली मोजायच्या दांडीला) पाणी शोधणारी पेस्ट लावून दाखवतात. पाण्यात बुडालेल्या भागाचा रंग बदलतो. घनताही मोजून मिळते: ५०० मिलीचा जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर, आणि आकडा १५ अंश तापमानाच्या हिशोबाने बदलून त्या दिवसाच्या नोंदीशी ताडायचा. फरक ०.००३ च्या आत हवा. पण घनतेने भेसळ कळते, तळाला बसलेलं पाणी कळत नाही. त्याला पेस्टच. पंपावर टँकर खाली होत असताना गाडीत डिझेल भरू नका, तळाचा गाळ आणि पाणी ढवळलेलं असतं.

विम्याचे दावे पाहणारे, लातूर

गाडी जागची हलवण्याआधी पाण्याच्या खुणेसह फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, टोइंग करूनच न्या. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनाच्या आतलं नुकसान सहसा नाकारलं जातं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन लागतं, आणि ते पुराच्या आधीच घेतलेलं असावं लागतं.

ट्रॅव्हल्सच्या गाड्यांची देखभाल, नांदेड

तीन गोष्टी राहिल्या.

चाकं बुडाली असतील तर गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलही बघा. गरम हाउसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या बारीक भोकातून) पाणी ओढलं जातं. खालचा प्लग सैल करून पहिला अर्धा कप ऑइल बघा, पाणी आधी येतं.

पूर नाही, डिझेल स्वच्छ आहे, तरी पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होतंय? हेड गॅसकेट किंवा ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडल्या जाणाऱ्या धुराला थंड करणारा) फुटलेला असू शकतो. रात्रभर उभी गाडी सकाळी सेल्फला अडली तर तेव्हाही वरचेच नियम: ग्लो प्लग काढा, हाताने फिरवा.

बीएस-६ च्या ज्या गाड्यांना डीईएफची (धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याची) वेगळी टाकी आहे, तिथे डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत जातं. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि उरलेलं सगळं पाणी. अशा वेळी चावी 'ऑन'लाही फिरवू नका, टाकीतली मोटर ते पुढे ढकलते. टाकी रिकामी करून धुवायची. डीईएफचं झाकण निळं असतं, भरणाऱ्या पोराला ते बोट लावून दाखवा.

शेती आणि मालवाहू व्हॅन, परभणी

घरी ड्रममध्ये डिझेल ठेवणाऱ्यांसाठी. उभ्या ड्रमच्या वरच्या कडेत पावसाचं पाणी साचतं. दिवसा ड्रम तापतो, रात्री थंड होतो, आणि बुचाच्या आट्यांतून ते पाणी थेंब थेंब आत ओढलं जातं. बूच कितीही घट्ट असो. ड्रम आडवा ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी येतील असा, म्हणजे दोन्ही डिझेलखाली राहतात. काढताना तळाचं दोन-तीन लिटर ड्रममध्येच सोडा. हिवाळ्यात इकडे पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो, त्या दिवसांत गाडीची टाकी रात्री अर्धी ठेवू नका. रिकाम्या भागातल्या दमट हवेचं पाणी होऊन आतल्या पत्र्यावरून खाली उतरतं.