मदत हवी आहे: 'लंपन'नंतर आईला काय देऊ?

नमस्कार मंडळी. आई ७४ वर्षांची आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिचं वाचन पुन्हा सुरू झालंय आणि आता ती थांबायचं नाव घेत नाही. प्रकाश नारायण संतांची लंपन या लहान मुलाच्या गोष्टींची चारही पुस्तकं, 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर', तिने तीन आठवड्यांत संपवली. 'झुंबर'ची शेवटची पंधरा पानं मात्र चार दिवस पुरवली. रोज थोडं वाचायचं, पीएमटीचं, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचं, जुनं तिकीट खुणेला घालायचं आणि पुस्तक उशीखाली ठेवायचं. (पीएमटीची पीएमपीएमएल २००७ मध्येच झाली, तिकीट अजून शाबूत आहे!)

आता रोज सकाळी चहाबरोबर तोच प्रश्न, "पुढचं काय आणलंस?"

'बनगरवाडी' तिची जवळपास पाठ आहे, 'स्मृतिचित्रे'ही झालंय. मी हौसेने एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली, तर म्हणाली, "हे वाचायचं की उचलायचं?" मुद्दा बरोबर आहे. ती गॅलरीत खुर्चीवर बसून वाचते, मनगट दुखतं.

तर लहानपण, गाव, घरातली माणसं असं काहीतरी सुचवा. विनोद असला तर उत्तमच. दुःख चालेल, पण रडवण्यासाठी लिहिलेलं नको. पुस्तक हलकं हवं आणि टाईप मोठा. सध्याच्या आवृत्तीचा टाईप कसा आहे हे कुणी पाहिलं असेल तर आवर्जून सांगा, ऑनलाईन ते कळतच नाही.

शनिवारी पुस्तकं घ्यायला पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जाणार आहे, त्याआधी सांगितलंत तर बरं. तुम्ही स्वतः सध्या काय वाचताय तेही लिहा, माझीही पिशवी रिकामीच आहे.