मदत हवी आहे: बोल्टची चावी दुसऱ्यांदा वाकली, चांगली कुठे मिळेल?

धुळे_वर्कशॉप
स्ट्रायकर (काडतुसावर आपटणारी बोल्टमधली पिन) काढायची दोन दातांची चावी ऑनलाइन मागवली होती. पहिल्याच बोल्टवर एक दात मुडपला. विकणाऱ्याशी भांडून बदलून घेतली, तर दुसरीही काल त्याच दातावर गेली. माणूस शनिवारी रायफल न्यायला येणार आहे आणि बोल्ट माझ्या व्हाइसमध्ये अडकून पडलाय. मजबूत चावी कुठे मिळेल एवढंच सांगा. "जोर कमी लावा" हे कृपया नको, वडिलांच्या हाताखाली याच कामावर वाढलोय.

केळीबाग_रावेर
भाऊ, बोल्ट किती नंबरचा? ट्रॅक्टरचा असेल तर पान्याला पाइप घालून फिरवा. आमच्या रोटाव्हेटरचे तसेच सुटतात.

धुळे_वर्कशॉप
रायफलचा बोल्ट हो!

तापीकाठ
पण कोणती रायफल? माउझर पद्धतीच्या बोल्टला असली चावी लागतच नाही. मागची स्लीव्ह फिरवली की सगळा जोड बाहेर येतो. मग पिनेचं टोक लाकडाच्या ठोकळ्यावर दाबायचं आणि कॉकिंग पीस, म्हणजे पिनेच्या मागच्या टोकावरचा तुकडा, पाव वळसा फिरवायचा. माझ्याकडे या कामाला आजवर एक हत्यार विकत आणलेलं नाही.

धुळे_वर्कशॉप
माउझर असती तर मीही आणलं नसतं. ३१५ बोअरची आहे, ईशापूरच्या कारखान्याची. स्ट्रायकरची चावी म्हटल्यावर कळेल असं वाटलं होतं.

तापीकाठ
कसं कळणार? लिहायला नको का? ३१५ म्हणजे ली-एनफिल्डचा बोल्ट. त्यात स्ट्रायकर मागे कॉकिंग पीसमध्ये आट्यांनी बसतो आणि आडवा छोटा स्क्रू त्याला फिरू देत नाही. तो स्क्रू काढलात का?

धुळे_वर्कशॉप
काढलाय. बोल्ट हेडही (पुढचं सुटं डोकं) काढलंय. त्याशिवाय चावी आत जाईल का?

भुसावळकर
वरणगावला चौकशी करा ना, घरचाच कारखाना आहे. तिथे हत्यारं मिळतील.

जुना_टूलरूम
वरणगावला १९६४ पासून काडतुसं बनतात, रायफली नाहीत. भुसावळच्या कारखान्याचाही याच्याशी संबंध नाही. ३१५ बंगालमध्ये ईशापूरला होते. २०२१ मध्ये शस्त्र कारखान्यांचं जुनं बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हापासून वरणगाव एका कंपनीत, भुसावळ दुसऱ्या आणि ईशापूर तिसऱ्या. गेटवर जाऊन चावी मागाल तर पहारेकरी परत पाठवेल.

धुळेकर, मला तीन गोष्टी सांगा. चावीच्या दातावर कानस चालते की घसरते? चावीच्या नळीच्या तोंडाशी जाडी चारही बाजूंनी सारखी आहे का? आणि बोल्ट गंजलेला होता का? तुम्ही दुकान विचारताय, पण मला अजून दुखणंच कळलेलं नाही.

चोपडा_सातपुडा
गंजला असेल तर एवढा खटाटोप कशाला? मागच्या बाजूने गॅसची टॉर्च दोन मिनिटं मारा. लोखंड फुगतं, आटे सैल होतात. मी बोअरच्या पंपाचे कपलिंग असेच काढतो.

जुना_टूलरूम
अजिबात नाही. धुळेकर, हे करू नका. बार उडताना बोल्टला पकडून ठेवणारे कान माउझरला पुढे असतात, ली-एनफिल्डला मागे. तुम्ही टॉर्च माराल ती नेमकी त्या कानांजवळ. तिथलं पाणी (लोखंडाला दिलेला कडकपणा) उतरलं तर पुढच्या बाराचा दाब मऊ लोखंडावर येईल आणि त्या बोल्टच्या मागे माणसाचा चेहरा असतो. पंपाचं कपलिंग तापवून कोणी मरत नाही.

चोपडा_सातपुडा
एवढं चिडायला काय झालं? अनुभव सांगितला.

तापीकाठ
पंपाचा अनुभव पंपाच्या धाग्यावर सांगा.

यावल_०७
विषय बंदुकीचा आहे म्हणून विचारतो. आजोबांच्या नावावर दोन आणि वडिलांच्या नावावर एक बंदूक आहे. आता तीन चालत नाहीत म्हणतात, खरं का?

तापीकाठ
मर्यादा एका परवानाधारकाला आहे, घराला नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीनवरून दोनवर आली. पुढचं कलेक्टर कचेरीत विचारा. आणि धुळेकर, दुरुस्तीचा परवाना तुमच्या नावावर आहे ना? १९५९ च्या कायद्यात कलम ५ दुरुस्तीलाही लागू होतं.

धुळे_वर्कशॉप
वडिलांनंतर माझ्या नावावर करून घेतलाय, दुकानात भिंतीवर लावलाय. आता टूलरूमवाल्या काकांच्या प्रश्नांकडे येतो. सकाळी सगळं मोजलं.

दातावर कानस लोण्यासारखी चालते. चूक माझीच, आल्याबरोबर कानस लावून बघायला हवी होती. बॉक्सवर हार्डन केल्याचं छापलंय. जाडी व्हर्नियरने पाहिली तर एका दाताला २.१ मिलिमीटर आणि समोरच्या दाताला १.३. वाकतो तो १.३ वालाच. पहिल्या चावीचा तुकडा कचऱ्यातून शोधून मोजला, त्याचंही तेच.

गंज आहे. रायफल शिंदखेड्याकडच्या शेतकऱ्याची. आचारसंहितेत जमा केली होती, तेल न लावता गोणपाटात गुंडाळून. परत मिळाली तेव्हा बोल्ट मागे येत नव्हता. बोल्ट हेड काढलं तर आतून लाल चिखल निघाला, स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये तोच भरलेला. त्याच्या वडिलांची रायफल आहे. काउंटरवर ठेवताना त्याने खाली स्वतःचा रुमाल अंथरला. म्हणून घाई करतोय, दुसरं काही नाही.

जुना_टूलरूम
आता कळलं. दोन दोष एकत्र आलेत. पहिला, चावीला पाणीच दिलेलं नाही. दुसरा मोठा. लांब ड्रिल एका बाजूने घातलं की आत वाट सोडतं. भोक मध्यावर राहत नाही, आणि यांनी बाहेरचा व्यास आधी काढून भोक नंतर मारलंय. मग जाड दात स्ट्रायकरच्या कॉलरच्या (त्यावरच्या कड्याच्या) खाचेत आधी टेकतो आणि समोरचा अधांतरी राहतो. फिरवताना चावी आत तिरकी होते आणि सगळा भार बारीक दाताच्या कडेवर येतो. तुम्ही आणखी दहा मागवल्यात तरी दहाही वाकतील.

लेथ_जळगाव
बरोबर. मी एमआयडीसीत ठिबकच्या साच्यांची कामं करतो, रोज हेच बघतो. आधी भोक मारून ते नेमकं करायला रीमर फिरवायचा, मग त्याच भोकात मँड्रेल (आधाराची सळई) घालून बाहेरून टर्न करायचं. क्रम बदलला की माल गेला. भाऊ, ईएन-३१ पोलादाचा तुकडा पाठवू का?

जुना_टूलरूम
ईएन-३१ बेअरिंगला चांगलं, इथे नको. बारीक दात कडकन तुटेल. ओएचएनएस घ्या, तेलात कडक होणारं हत्यारांचं पोलाद.

लेथ_जळगाव
पाणी नीट उतरवलं तर ईएन-३१ पण टिकतं, मी पंच बनवलेत.

जुना_टूलरूम
पंचावर सरळ ठोका पडतो, इथे पीळ आहे. ओएचएनएस चेरीसारखा लाल करून तेलात बुडवा. कानस घसरली पाहिजे. मग घासून चकचकीत करा आणि मागच्या बाजूने हळू तापवा. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग पुढे सरकताना दिसतील. दातांवर निळा आला की थांबा. दात कॉलरच्या खाचेत शाई लावून बसवा, दोन्हीकडे डाग उमटला पाहिजे.

तोवर कॉकिंग पीसच्या आट्यांत गंज सोडवणारं तेल सोडून बोल्ट उभा ठेवा, रात्रभर. आणि फिरवताना चावी सतत आत दाबून धरा. ढिली सोडली की स्प्रिंग तिला मागे ढकलते आणि दात खाचेच्या काठावर येतात.

अमळनेर_भो
भाऊ, तुमनं काम व्हई जाई. पण बॅरल पण बघा, आतून गंज असेल.

धुळे_वर्कशॉप
बॅरल ठीक आहे, त्याला टोकाला बूच होतं.

जळगाववाल्या दादांनी रात्रीच्या बसने ओएचएनएसचा तुकडा पाठवला, पैसे घेतले नाहीत. आज दिवसभर लेथवर होतो. पहिल्या खेपेला भोक सरकलं, फेकून दिलं. दुसऱ्याला दोन्ही बाजूंची जाडी १.७ आली. पाणी देऊन निळ्यावर आणलं. शाईचा डाग एका दाताला पूर्ण आणि दुसऱ्याला अर्धाच होता, ऑइलस्टोनवर चार वेळा घासल्यावर दोन्ही भरले.

संध्याकाळी बोल्ट तांब्याच्या पट्ट्यांत धरला, चावी छातीने दाबली आणि दोन्ही हातांनी फिरवली. आधी काहीच नाही. मग करकर आवाज आला, आटे सुटले आणि कॉकिंग पीसमधून तपकिरी तेल बाहेर आलं. दात जसेच्या तसे आहेत.

स्ट्रायकरचं टोक चांगलं आहे, पण आडव्या स्क्रूसाठी मागे जी खाच असते तिची एक कड गंजाने खाल्लीय. हाच परत बसवू की नवा शोधू?

जुना_टूलरूम
स्क्रू बसल्यावर स्ट्रायकर थोडा जरी हलत असेल तर नवाच. हलला तर पिनेचं टोक कमीजास्त बाहेर येईल. शनिवारचं विसरा. त्या शेतकऱ्याला फोन करून खरं काय ते सांगा.

धुळे_वर्कशॉप
हलतोय. फोन लावला. म्हणाला, "दादा, घाई नका करू, फक्त गोणपाटात ठेवू नका."