कानाच्या वाटेने उजेड
मेंदूतला कुठला भाग काय करणार हे जन्मतःच ठरलेलं असतं, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले मेंदूशास्त्रज्ञ मृगांक सूर यांच्या गटाने फेरेटच्या (मुंगसासारखा दिसणारा एक छोटा सस्तन प्राणी) नवजात पिल्लांत डोळ्याकडून येणारे मज्जातंतू श्रवणाच्या मार्गावर वळवले. (फेरेटच का, तर जन्मताना त्याचा मेंदू फारच कच्चा असतो.) पुढे श्रवण-कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाह्यस्तरातल्या ऐकण्याच्या भागातल्या, पेशी चक्क उभ्या-आडव्या-तिरक्या रेषा वेगवेगळ्या ओळखू लागल्या. हे २००० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात आलं.

त्याच अंकातला जोडप्रयोग मला जास्त भारी वाटतो. उजेडाला एका बाजूला, आवाजाला दुसऱ्या बाजूला जायचं, असं या फेरेटांना शिकवलं होतं. वळवलेल्या मार्गानेच उजेड पोचला, तरी ते उजेडाच्याच बाजूला गेले! मात्र श्रवण-कॉर्टेक्समधल्या त्या पेशींची मांडणी मूळ दृष्टिभागाइतकी सुबक नव्हती, तेवढा मुद्दा तुमच्या बाजूचा.