मदत हवी आहे: संगीत वार्षिकाची अनुक्रमणिका त्रितालात बसवली, पण वाचता येईना

रंकाळ्याकाठी

मंडळी, नमस्कार. आमच्या गायन मंडळाचं वार्षिक निघतं. चौसष्ट पानं, ए-फोर, मध्ये पिना. लेख गोळा करण्यापासून पानं लावण्यापर्यंत सगळं माझ्याकडं, कारण मंडळात कॉम्प्युटर येणारा मी एकटाच. पेटी बरी वाजवतो, डिझाइन शिकलेलो नाही. अंक लागून झालाय. अडलंय ते पान तीन, अनुक्रमणिका.

यंदा नेमक्या सोळा नोंदी झाल्या. सोळा म्हटल्यावर सोळा मात्रांचा (ठोक्यांचा) त्रिताल डोक्यात आला नसता तरच नवल. चार विभाग, चार-चार मात्रा, म्हणून चार बाय चार चौकटी आखल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात तबल्याचा फिकट बोल आणि मात्रेचा आकडा, मध्ये लेखाचं नाव, खाली लेखक आणि पान क्रमांक. समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, चौकट लाल. नववी, म्हणजे टाळी न देता हात बाजूला करायच्या 'खाली'ची, कोरी पांढरी. स्क्रीनवर लई भारी दिसत होतं. प्रिंट काढून संपादक सरांना दाखवली. सर तबल्याचे. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "हे काय, भिंतीवरचं कॅलेंडर काढलंस काय?"

राग आला. घरी येऊन आईच्या हातात तेच पान दिलं आणि म्हटलं, कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहावरचा लेख शोध. (१९१५ च्या पॅलेस थिएटरपासून २०२४ च्या आगीपर्यंत. अंकातला सगळ्यात चांगला लेख आहे हा.) तिचं बोट आधी आडवं फिरलं, मग उभं. चौकट सापडली तर म्हणाली, "बारावं पान ना?" बारावी मात्रा होती ती. पान ३८.

दुसरं दुखणं जागेचं. समास सोडून एका चौकटीला जेमतेम चाळीस मिलिमीटर रुंदी मिळते. 'जयपूर-अत्रौली घराण्यातले अनवट राग' एवढं नाव तीन ओळींत तुटतं, आणि ओळी एकमेकींवर चढतात. एका चौकटीत वर 'मोगूबाई कुर्डीकर' आणि खाली 'खाँसाहेब' आहे. 'र्डी'च्या शेजारच्या 'कु'चा उकार थेट 'खाँ'च्या चंद्रबिंदूत घुसलाय. अकरा पॉइंट आहे, ओळींतलं अंतर सॉफ्टवेअरनं दिलं तेच ठेवलंय.

आणि गेल्या वर्षीची जखम अजून ताजी आहे. छपाईच्या आदल्या रात्री एक पानभर जाहिरात आली, पानं सरकली आणि अनुक्रमणिकेतले निम्मे आकडे चुकीचे छापले गेले. चूक माझीच, पण बोलणी वर्षभर खाल्ली.

चौकटी ठेवून हे वाचनीय करता येईल का? की त्रितालच सोडू?

खिळेजुळारी

चौकटी काढ, भावा. अनुक्रमणिका बघायला कुणी येत नाही, पान शोधायला येतात.

ओळींच्या अंतराचं आधी बघ. 'ऑटो' म्हणजे एकशेवीस टक्के, अकराला तेरा. ते रोमन अक्षरांच्या मापाचं. आपल्याला वर वेलांटी, रफार, चंद्रबिंदू आणि खाली उकार, दोन्हीकडून जागा लागते. अकराला सोळा-सतरा दे, उकार सुटेल. पानं लावायला इनडिझाइन सॉफ्टवेअर वापरत असशील तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कम्पोझर (आपल्यासारख्या लिप्यांसाठीची सोय) लावलाय ना बघ, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

पान क्रमांक लेखाच्या नावाआधी, डावीकडं घे. उजव्या टोकाला आकडा आणि मध्ये टिंबांची रांग हा प्रकार आम्ही खिळे जुळवत होतो तेव्हापासून चालत आलाय, पण टिंबांवरून नजर घसरते आणि शेजारच्या ओळीचा आकडा वाचला जातो. आकडे उजवीकडून एका रेषेत लाव, म्हणजे ६ आणि ३८ चे एकम एकाखाली एक येतील. पान तीन उजव्या हाताचं, म्हणजे शिवण डावीकडं. चौसष्ट पानांचा पिनांचा अंक पूर्ण सपाट उघडत नाही. आतला समास वीस मिलिमीटर तरी ठेव, नाहीतर आकडे घडीत जातील.

आकडे हातानं टाइप करू नकोस. लेखांच्या शीर्षकांना एकच स्टाइल दे आणि अनुक्रम त्यावरून ओढून घे. जाहिरात आली की अपडेट मारायचं. तरी शेवटच्या प्रूफवर पेन घेऊन एकेक पान उलटून बघ. मी अजून बघतो.

काळी पाच

खिळेजुळारी काकांचं सगळं मान्य, पण कल्पना टाकून देऊ नका. ताल चौकटीत राहत नाही, तो ओळीत चालतो आणि फिरून समेवर येतो. चार-चार नोंदींची यादी करा, विभागांमध्ये एकेक ओळ मोकळी सोडा. ज्याला कळतं तो मोजेल, बाकीच्यांना नुसतं सुटसुटीत वाटेल. बोल आणि मात्रांचे आकडे काढा.

समेवर काय ठेवलंय?

रंकाळ्याकाठी

अध्यक्षांचं मनोगत. 🙏

काळी पाच

अहो, मनोगत म्हणजे मैफलीआधी तंबोरे जुळवणं. ते कुणी मात्रेत धरतं का? ते वर, बारीक अक्षरात, श्रेयनामावलीशेजारी जाऊ द्या.

रंकाळ्याकाठी

पण मग पंधराच उरतात. त्रिताल मोडला.

काळी पाच

पंधरा मात्रा म्हणजे पंचम सवारी, तोही तालच. तीन, चार, चार, चार.

रंकाळ्याकाठी

काल रात्री बसून केलं. पहिले तीन अल्लादियाखाँसाहेबांवरचे: त्यांचं कोल्हापूर, त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँची तालीम, आणि त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी, जी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. मग चार नाट्यसंगीताचे, चार भावगीत-चित्रपटगीतांचे, चार भजन-शाहिरीचे. लाल रंग फक्त पहिल्या आकड्याला. चित्र एकच, खाँसाहेबांचं, उजव्या बाजूला उभं.

आईनं नाट्यगृह एका दमात काढलं. सरांना काही सांगितलं नाही, नुसतं पान पुढं केलं. थोडा वेळ बघत बसले, मग टेबलावर बोटं वाजली. "सवारी लावलीस होय रे?" एवढंच.

अध्यक्षांना मनोगताचा आकार अजून दाखवलेला नाही. शीर्षक 'अनुक्रमणिका' ठेवू की 'अंतरंग'?

खिळेजुळारी

'अनुक्रम' लिही. आणि अध्यक्षांना छापून झाल्यावर दाखव.