हायड्रोजन ट्रकच्या अपघातासाठी आधी काय घ्यावं: डिटेक्टर की थर्मल कॅमेरा?

घाटमदत: खोपोली-लोणावळा पट्ट्यात आमचं स्वयंसेवी मदत पथक आहे. मार्च २०२५ पासून टाटांच्या हायड्रोजन ट्रकच्या चाचण्या सुरू आहेत, त्यांत मुंबई-पुण्याकडचे रस्तेही आहेत. बंब पोचेपर्यंत अपघातापाशी आम्हीच असतो. काय घ्यावं, वायूची गळती ओळखणारा डिटेक्टर की उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा? बजेट ४० हजार, वर एक रुपया नाही.

धूरपाहणी: कॅमेराच. मोबाइलला जोडायचा स्वस्तातला नको, अग्निशमनाचाच घ्या, बजेटच्या कितीही वर गेला तरी. हायड्रोजनची ज्योत भर उन्हात दिसत नाही, धूर नसतो, झळही कमी. माणूस थेट आगीत पाय ठेवतो.

मिलीबार: न पेटलेली गळती कॅमेऱ्याला दिसत नाही. डिटेक्टर घ्या. इन्फ्रारेड सेन्सरचा नको, त्याला हायड्रोजन कळतच नाही. कॅटॅलिटिक (वायू सेन्सरवर जाळून मोजणारा) घ्या आणि कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची जुळवणी, हायड्रोजनवरच करून मागा. हा वायू हवेत ४ टक्क्यांपासून पेटतो. डिटेक्टरचा १० टक्क्यांचा अलार्म म्हणजे या ४ टक्क्यांचे १० टक्के, हवेत ०.४ टक्के. तिथूनच मागे फिरायचं. मोजायचं वरच्या अंगाला, केबिनच्या छताशी. आणि डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉन स्प्रे त्याच्याजवळ ठेवू नका, सेन्सर मरतो.

रिकामा_टँकर: वास येईल की. सीएनजीचा येतोच.

मिलीबार: नाही येणार. सीएनजीत वास मुद्दाम मिसळतात. त्यातलं गंधक फ्युएल सेलमधला, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचातला, प्लॅटिनम खराब करतं, म्हणून इथे मिसळत नाहीत.

पिस्टन: सगळे ट्रक फ्युएल सेलचे नाहीतच मुळी. काहींत हायड्रोजन थेट इंजिनात जळतो.

धूरपाहणी: परत सांगतो, कॅमेरा.

जेटफ्लेम: उपकरणावरून भांडताय, पाण्याचं कुणी बोलतच नाही. टाकीच्या टोकाला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. साधारण ११० अंशांना तो उघडतो आणि टाकी रिकामी होते. त्यावर पाणी मारलंत तर तो थंड राहतो, उघडत नाही, आणि कार्बन फायबरची टाकी आगीत फुटते. आग टाकीच्या फक्त मधोमध लागली तरी तोच धोका, कारण टोकाचा व्हॉल्व्ह तापतच नाही. व्हॉल्व्हमधून सुटणारा वायूचा झोत पेटला असेल तर विझवू नका. विझवलात तर वायू साठतो आणि एकदम भडकतो. जळून जाऊ द्या, शेजारच्या गाड्या भिजवा. भाताण, कामशेतच्या बोगद्यात तर जास्तच सांभाळा, वायू छताशी अडकतो.

केशरी_वायर: चाकांना ठोकळे, किल्ली बंद, मग १२ व्होल्टची बॅटरी सोडवा, टाकीचे विजेवर चालणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह मिटतात. पण आधी वायू मोजा, टर्मिनल काढताना ठिणगी उडते. जास्त व्होल्टेजच्या केशरी केबल कापायच्या नाहीत, बंद केल्यावरही १० मिनिटं शिवायचं नाही.

धूरपाहणी: कॅमेरा येईपर्यंत बांबूला सुका खराटा बांधा, पुढे धरून सावकाश चाला. खराटा पेटला की तिथे ज्योत.

घाटमदत: सगळ्यांचे आभार. ठरलं: दोन्ही नाही. कोन, मेगाफोन, वाऱ्याची दिशा कळायला कापडी झेंडे आणि दोन खराटे. रस्ता दोन्हीकडून १०० मीटरवर अडवायचा, वारा पाठीशी घेऊन उभं राहायचं.

मिलीबार: आणि आत माणूस अडकला असेल तर? मोजल्याशिवाय बॅटरीला हात लावू नका, एवढं तरी कबूल करा.

घाटमदत: कबूल. बंबावर हायड्रोजनचा डिटेक्टर असतो का, ते उद्याच जाऊन विचारतो.